टेन्शन घरभर कसं पोचवावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

टेन्शन ज्याचं त्याने घ्यावं, अशी काही लोकांची समजूत असते. एकाची परीक्षा, दुसऱ्याचा हप्ता, तिसरीचं अप्रेझल. बाकीच्यांनी आपापली मेथी निवडावी. या समजुतीवर संसार करायला गेलात तर घरात पाच माणसं असूनही रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडलेले तुम्ही एकटेच असाल आणि बाकीचे चौघं घोरत असतील. हे टाळायचं असेल तर पुढचा मजकूर नीट वाचा. रीतसर दिलं तर एका माणसाचं टेन्शन अर्ध्या तासात अख्ख्या घराला पुरतं आणि देणाऱ्याकडचं कणभरही कमी होत नाही.

भांडवल लागत नाही. एक घर हवं, शक्यतो पातळ भिंतींचं, आणि एखादं निमित्त. निमित्त कोणतंही चालतं, पण शिकाऊ माणसाने घरात बारावी असलेलं वर्ष निवडावं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे दिवाळीपासूनच उलटे दिवस मोजता येतात. शिवाय बारावीच्या नावावर काहीही खपतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मिरचीच्या फोडणीचा ठसकासुद्धा बंद. आमच्या ठाण्याच्या घरात त्या वर्षी सासू, सासरे, नवरा, मी आणि बारावी अशी पाच जणं राहत होतो. बारावीला नाव आहे, पण जूनपासून ते फारसं कोणी घेतलं नाही.

माणसं निवडताना

नवशिका आधी गर्दी शोधतो. जितकी माणसं जवळ तितका प्रसार जोरात, असा त्याचा हिशोब. म्हणून तो सकाळची सीएसएमटी फास्ट पकडतो. आता जवळीक म्हणाल तर तिथे आहेच. ऐन गर्दीत डब्यात एका चौरस मीटरवर 14 ते 16 माणसं उभी असतात आणि या भाराला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. आपल्या बरगडीत रुतलेलं कोपर नक्की कोणाचं, हे मुलुंड गेल्याशिवाय कळत नाही. तरीही आपल्या कामाला ही जागा फारशी उपयोगी नाही.

का नाही, हे जर्मनीत मोजून झालेलं आहे. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या व्हेरोनिका एंगर्ट, टानिया झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका माणसाला टेन्शन दिलं जायचं आणि दुसऱ्याने ते नुसतं बघत बसायचं. मग दोघांच्या थुंकीतलं कॉर्टिसोल तपासायचं. हे कॉर्टिसोल म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून, ताण आला की रक्तात सुटणारं संप्रेरक. ज्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, जे फक्त प्रेक्षक होते, त्यांच्यापैकी 26 टक्के लोकांचं कॉर्टिसोल लक्षणीय वाढलं. प्रेक्षक अनोळखी असेल तर हे प्रमाण जेमतेम 10 टक्के भरलं. आणि प्रेक्षक त्या माणसाचा जोडीदार असेल तर 40.

टेन्शन देण्याची तिथली रीत ट्रिअर विद्यापीठात 1993 साली बसवलेली आहे. समोर निर्विकार चेहऱ्याचे परीक्षक बसतात. त्यांच्यापुढे पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं आणि मग 1022 मधून 13 वजा करत जायचं, मोठ्याने आणि भराभर; चुकलात की पुन्हा 1022 पासून. हे वाचून मी काही फार थक्क झाले नाही. आमच्याकडे कुठल्याही लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका, जिलबी तोंडात असताना, 'मग बारावीनंतर काय?' एवढ्यात हे सगळं उरकतात आणि त्यांना कुठलं अनुदानही लागत नाही.

तर गर्दीवर वेळ घालवू नका. ज्यांचं तुमच्या चेहऱ्याकडे लक्ष असतं, अशी माणसं धरा. तुम्ही आज चहा अर्धा टाकलात हे ज्याच्या ध्यानात येतं, तो माणूस तुमचा. लोकलमध्येही वर्षानुवर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यातून जाणाऱ्या बायकांचा ग्रुप असतो, एकमेकींच्या जागा धरणारा, डब्यात हळदीकुंकू करणारा, तो चालतो. आमच्या ग्रुपमध्ये एकीच्या मुलाचा जेईईचा निकाल लागायचा होता तेव्हा घाटकोपर ते भायखळा चौघीजणी आपापला मोबाइल उघडून बघत होत्या. त्यातल्या दोघींना तर मूलच नाही.

घामाबद्दल अवांतर. न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली, पहिल्यांदाच विमानातून उडी मारणाऱ्या लोकांचा घाम काखेतल्या पट्ट्यांवर गोळा केला आणि दुसऱ्या लोकांना हुंगायला दिला. सोबत तुलनेला ट्रेडमिलवर पळलेल्यांचा घाम. हुंगणाऱ्यांना दोन्हींतला फरक ओळखता येत नव्हता, पण त्यांच्या मेंदूतलं भीतीशी निगडित केंद्र उडी मारणाऱ्यांच्या घामाने जास्त जागं झालं. म्हणजे दादर स्टेशनवर अगदीच काही पसरत नाही असंही नाही. पण त्यावर भिस्त ठेवून बसू नये. घरी या.

वेळ

दचकवण्याचं काम ॲड्रेनलिन काही सेकंदांत करतं आणि तितक्याच झटपट ओसरतं. कॉर्टिसोल सावकाश चढतं. प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण 20 ते 30 मिनिटांनी ते शिगेला पोचतं आणि उतरायला तासभर तरी घेतं. म्हणून घरातलं माणूस सव्वाआठला बाहेर पडणार असेल तर पावणेआठला हात घालावा. दारात चपला सरकवताना विषय काढलात तर सगळा फायदा रिक्षावाल्याला.

सकाळच उत्तम. झोपेतून उठल्यावर पहिल्या अर्ध्यापाऊण तासात कॉर्टिसोल आपलं आपणच वाढतं, कोणी काही न बोलता. निसर्गाने अर्धं काम करून ठेवलेलं असताना आपण फक्त पडदा सर्रकन ओढायचा आणि खिडकीकडेच तोंड ठेवून 'शेजारची पाचला उठते' एवढं म्हणायचं. ती खरोखर पाचला उठते की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. रविवार दुपारच्या वाटेला मात्र जाऊ नये. वरणभातावर तूप पडलेलं माणूस काही घेत नाही.

भांडी

याच टप्प्यावर नवशिके वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

भांडी आपटणं म्हणजे जोर, असं त्यांना वाटतं. कळशी धाडकन ठेवली की बैठकीतून 'अगं काय पडलं?' म्हणून माणसं धावत येतात. मग सांगावं लागतं, बोलावं लागतं, आणि बोलण्यातून विषय मिटण्याची शक्यता असते. आवाज असा हवा की आपटलं की नुसतंच ठेवलं, याची शंका राहील. स्टीलचं ताट मांडणीत सरकवायच्या ऐवजी अर्धा इंच वरून सोडायचं. पळी कढईच्या काठावर रोज दोनदा ठोकत असाल तर चारदा ठोकायची. गॅसचं बटण शेवटपर्यंत कर्रकन पिळायचं. आणि यानंतर, हे फार महत्त्वाचं, पूर्ण शांतता. निदान मिनिटभर एकही आवाज नाही. ऐकणारा त्या मिनिटात स्वतःच सगळं काम करतो.

बैठकीत काय होतं ते मी दाराच्या फटीतून पाहिलेलं आहे. चौथ्या ठोक्याला सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज दोन अंकांनी कमी केला. बंद नाही केला, कारण बंद करणं म्हणजे दखल घेणं. नवरा मोबाइलवर होता, त्याचा अंगठा काचेवर जागच्या जागी थांबला. आतल्या खोलीत बारावीने पान उलटलं आणि लगेच मागे उलटलं. तोपर्यंत कोणीही कोणाला एक अक्षर बोललेलं नव्हतं.

सासूबाई या विद्येत माझ्या कितीतरी पुढे आहेत. त्या भांडं आपटतच नाहीत. मी घासून ठेवलेलं भांडं त्या उचलतात, उजेडात धरतात आणि पुन्हा घासायला घेतात.

'काही नाही'

एवढं झाल्यावर कोणीतरी येऊन विचारणारच: 'काय झालं?' इथे चांगले शिकलेले लोकसुद्धा घसरतात. ते खरं कारण सांगून टाकतात. 'ऑफिसात आज सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, डोकं भणभणलंय, थोडा वेळ मला एकटीला बसू दे.' संपलं. समोरच्याला कारण कळलं, त्यात आपला दोष नाही हेही कळलं, किती वेळ लांब राहायचं तेही कळलं. तो पाण्याचा ग्लास आणून ठेवतो आणि निघून जातो. महिनाभराची मेहनत पाण्यात.

योग्य उत्तर आहे, 'काही नाही.' ते समोर न बघता द्यायचं. आवाज रोजच्यापेक्षा किंचित गोड. ओठ हसरे ठेवायचे आणि भुवया त्यात सामील होऊ द्यायच्या नाहीत. मग लगेच ओटा पुसायला घ्यायचा, पुसलेला असला तरी.

हे माझं घरगुती मत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला जेम्स ग्रॉस आणि एमिली बटलर यांच्या गटाने 2003 साली यावरचं काम प्रसिद्ध केलं. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या करून त्यांना एक अस्वस्थ करणारा युद्धपट दाखवला आणि नंतर त्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला आधीच गुपचूप बजावलं होतं की भावना चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत. दुसरीला याचा पत्ता नव्हता. झालं काय, तर लपवणारीबरोबर बोलताना त्या दुसरीचा रक्तदाब वाढला. हे परक्या बायकांचं झालं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला ओटा पुसणारी पाठ दिसली की त्याचं काय होत असेल, त्याचा अंदाज आपण करू शकतो.

'काही नाही' ऐकणाऱ्याला कारण मिळत नाही, त्यामुळे तो घरातली सगळी कारणं एकेक करून स्वतःला लावून बघतो. लाइटबिल भरायचं राहिलं का. आईचं औषध. परवा आपण ताटात वांगं ठेवलं होतं, ते का. एवढा विस्तार तुम्ही तोंडाने करायला गेलात तर दमाल.

लेखी प्रकारही आहे. दुपारी बाराच्या सुमारास 'घरी आल्यावर बोलू' असा मेसेज पाठवावा. पूर्णविरामासकट. त्यानंतर फोन सायलेंटवर.

जोडप्यांनी एक पुरवणी लक्षात ठेवावी. ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी 42 जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड उठवून, त्यांना कधी गोडीगुलाबीने तर कधी भांडणाच्या विषयांवर बोलायला लावलं होतं. 2005 साली छापून आलेल्या निष्कर्षात, फार कडवटपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा कमी कडवट जोडप्यांच्या 60 टक्के वेगानेच भरल्या. भाजी चिरताना बोट कापलं असेल तर गृहकर्जाचा विषय त्या आठवड्यात काढायचा की नाही, हे आपापलं ठरवावं.

परीक्षेचा आठवडा

इतके दिवस घरातल्या घरात जे चाललं होतं त्यात आता बाहेरचे लोक हातभार लावायला येतात. त्यांचं स्वागत करा.

आदल्या रात्री साडेनऊनंतर फोन सुरू होतात. नागपूरहून आत्या, साताऱ्याहून मामा, आणि सासऱ्यांचे एक जुने सहकारी, ज्यांना मुलगी बारावीला आहे की दहावीला हे नक्की माहीत नसतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, टेन्शन घेऊ नकोस. यापेक्षा परिणामकारक वाक्य मला अजून सापडलेलं नाही. चांगली अभ्यासात गुंतलेली मुलगी पुस्तकातून मान वर काढते आणि आपल्याला टेन्शन आहे का, हे तपासून बघते. आमच्या आत्यांनी तर कळस केला. 'यंदा फिजिक्स फार अवघड काढणार आहेत म्हणे,' त्या म्हणाल्या, 'पण तू मुळीच टेन्शन घेऊ नकोस हं.'

सामानाची तयारी सर्वांनी मिळून करावी. पारदर्शक पाऊच, पॅड, चार पेनं. पेनं चालतात का हे सासऱ्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर स्वतःची सही करकरून पाहिलं. तिसरं पेन दुसऱ्या सहीला अडखळलं, तर ते बाद करून रात्री दहाला नवऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. हॉलतिकिटाच्या झेरॉक्स तीन. एक आईच्या पर्समध्ये, एक वडलांच्या पाकिटात, एक आजोबांच्या खिशात, म्हणजे तिघांपैकी कोणालाही केंद्रावर न येण्याची मुभा उरत नाही.

पेपर अकराला, वर्गात साडेदहाला हजर राहायचं, केंद्र रिक्षाने दहा मिनिटांवर. निघण्याची वेळ पावणेनऊ. नवऱ्याने आदल्या रविवारी जाऊन रस्ता बघून ठेवला होता, रस्ता कुठे खोदला आहे हे त्याला आता पाठ होतं, आणि ते तो सकाळी सहापासून सांगत होता.

मग दहीसाखर. सासूबाई देवापुढे उभ्या राहून, बारावीच्या उजव्या तळहातावर चमच्याने दही घालतात. त्या सकाळी चमचा वाटीच्या काठावर बारीक किणकिणत होता. मुलीने आधी चमच्याकडे पाहिलं, मग आजीच्या मनगटाकडे, मग माझ्याकडे. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घड्याळाकडे. दही चाटून होईपर्यंत आम्ही पाचही जण एकाच पातळीला आलो होतो, आणि रसायनशास्त्राचा पेपर आमच्यापैकी एकीचाच होता. चिकट हाताने तिने हॉलतिकीट धरलं, त्यावर अंगठा उमटला, आणि अंगठा उमटलेलं हॉलतिकीट चालतं का, या विषयावर आमचा रिक्षा येईपर्यंतचा वेळ छान गेला.

केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाखाली उभं राहायचं असतं. एकमेकांना न ओळखणारे शंभर पालक, त्यामुळे मघाच्या हिशोबाने दहा टक्के. फार अपेक्षा ठेवू नका, सावली बघा.

लांबून

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, मुलगी परदेशात, आता त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, असं काही वाचक निराशेने विचारतील. निराश होऊ नका. लाइपझिगच्या त्याच प्रयोगात काही जणांनी दुसऱ्याचं टेन्शन समोरासमोर न बघता फक्त पडद्यावर पाहिलं होतं. त्यांच्यातल्याही 24 टक्के लोकांचं कॉर्टिसोल वाढलं. एकतर्फी काचेतून पाहणाऱ्यांत 30 टक्के. समुद्र मध्ये आला म्हणून फार मोठी घट होते असं नाही.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. सासूबाई तिला आपल्या सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावतात, म्हणजे तिची दिवसभराची दमणूक होऊन गेलेली असते. फोन असा धरतात की त्यात फक्त कपाळ आणि मागचा पंखा दिसतो. कपाळ पुरतं, आठ्या तिथेच असतात. 'आई, बरी आहेस ना?' 'बरीच आहे गं. तुम्ही आपले मजेत राहा.' एवढ्यावर फोन ठेवला की मिनिटभरात नणंदेचा मला फोन येतो, आणि मी ओटा पुसत म्हणते ते वाक्य तुम्हाला आता पाठ झालंच असेल.

बाळ आणि कुत्रा

दोघांनाही भाषा येत नाही, म्हणून त्यांना वगळू नये. सॅन फ्रान्सिस्कोला 2014 मध्ये सेरा वॉटर्स, वेंडी मेंडिस वगैरेंनी वर्षासव्वावर्षाच्या बाळांच्या आयांना बाजूच्या खोलीत नेऊन, कपाळाला आठ्या घालून बसलेल्या परीक्षकांपुढे बोलायला लावलं. बाळांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. आई परत येऊन बाळाला घेते आणि काही मिनिटांत बाळाचं हृदय तिच्या हृदयामागोमाग पळायला लागतं. ही बाळं नंतर अनोळखी माणसाला अंगचटीलाही येऊ देईनात.

कुत्र्याचं काम अधिक दीर्घ मुदतीचं. स्वीडनच्या लिंशपिंग विद्यापीठाने 2019 साली 58 मेंढपाळी जातीच्या कुत्र्यांच्या केसांतलं कॉर्टिसोल त्यांच्या मालकांच्या केसांतल्या कॉर्टिसोलशी ताडून पाहिलं, उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं. दोघांचे आकडे एकमेकांबरोबर वर-खाली होत होते, आणि मालकाच्या स्वभावाचा कुत्र्याच्या आकड्यांवर परिणाम दिसला. कुत्र्याच्या स्वभावाचा म्हणावा तसा नाही. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर मार्चएंडला झडतो. त्याचे मालक सीए आहेत.

एक धोका

सगळं व्यवस्थित चाललेलं असताना एखादं शांत माणूस घरात शिरू शकतं. त्यापासून जपा.

कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात जयदीप बैन्स आणि टोनी-ली स्टर्ली यांनी उंदरांवर केलेलं काम 2018 साली आलं. जोडीतल्या एका उंदराला पिंजऱ्याबाहेर काढून थोडा ताण दिला आणि परत ठेवला. दुसरा उंदीर त्याला हुंगतो, आणि ज्याला काहीच झालेलं नाही त्या दुसऱ्याच्या मेंदूतल्या ताणाच्या पेशींतही तसेच बदल दिसतात. हा दुसरा पुढे तिसऱ्यालाही देऊ शकतो. इथवर आपल्याला अनुकूल आहे. पुढची गोष्ट अडचणीची. ताण दिलेल्या मादीला शांत मादीसोबत ठेवलं की त्या पेशींवरचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. नरांत असं काही झालं नाही. याचा अर्थ काय लावायचा तो लावा. मी फक्त नवऱ्याला हा भाग मोठ्याने वाचून दाखवला.

आमच्याकडे हा धोका पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या रूपाने रोज सकाळी आठला दारात उभा राहतो. मावशींच्या वस्तीत पाणी पहाटे तीनला येतं, त्यांच्या मुलाची कंपनी बंद पडली आहे, आणि कळव्याहून येताना त्यांना दोन ट्रेन सोडाव्या लागतात. या सगळ्यातलं त्या स्वयंपाकघरात काहीही आणत नाहीत असं नाही, पण आणतात ते सरळ सांगून आणतात. 'ताई, आज डोकं दुखतंय माझं, बोलू नका माझ्याशी,' म्हणतात आणि कणीक मळायला घेतात. याच्यावर कोणी काय करणार?

फिजिक्सच्या दिवशी आम्ही चौघं डायनिंग टेबलाभोवती उभे होतो आणि बारावी बसली होती. तिच्या पुढची पोळी तशीच होती. मावशी आतून तवा घेऊन आल्या.

'पेपर कितीला?'

'अकराला,' चौघं एकदम म्हणालो.

'मग आत्ता आठच वाजलेत की. तुम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत उभं राहिल्यावर ती गिळंल कशी? सरका बाजूला. आजोबा, तुम्ही पेपर वाचा. तुमचा पेपर.'

सासरे खरोखर जाऊन वर्तमानपत्र घेऊन बसले. सासूबाईंना मावशींनी लसूण सोलायला दिला. मुलीने अडीच पोळ्या खाल्ल्या. जूनपासूनची बांधणी एका तव्याने उलथवली, आणि अशा माणसाला कामावरून काढताही येत नाही, कारण पोळ्या मऊ होतात. नवशिक्यांनी शक्यतो परीक्षेच्या आठवड्यात मावशींना सुट्टी द्यावी.

निकालानंतर

निकाल मे महिन्यात लागतो, दुपारी एकला, ऑनलाइन. एक वाजून एक मिनिटाने साइट हँग होते, पाच माणसं पाच मोबाइलवर तोच आईचं नाव विचारणारा रकाना पुन्हा पुन्हा भरतात, आणि शेवटी निकाल शेजारच्यांच्या फोनवर उघडतो. मुलीला चांगले मार्क पडले. त्यानंतर घरात जे होतं त्याला सैलावणं म्हणतात आणि ते फार पटकन पसरतं. सासूबाई चक्क सोफ्यावर मांडी घालून बसल्या. नवऱ्याने पेढे आणले. मुलगी कितीतरी दिवसांनी आरशासमोर गाणं म्हणत केस विंचरत होती.

अशा वेळी अनुभवी माणूस गाफील राहत नाही. पेढ्याचा डबा फिरत असतानाच पुढचं निमित्त हाताशी लागतं, आणि सुदैवाने आपल्या राज्यात ते तयार मिळतं: सीईटीचा निकाल, मग कॅप राउंड, कॉलेजांचा पसंतीक्रम, पहिल्या फेरीत फ्रीज करायचं की थांबायचं. आमच्याकडे सासऱ्यांनी पेढा अर्धा खाल्ला, डबा बाजूला सारला आणि बंडीच्या खिशातून घडी केलेले कागद काढले. गेल्या वर्षीचे कटऑफ. 'काही नाही, नुसते बघून ठेवलेत,' ते म्हणाले.

ही प्रिंट रंगीतच काढावी. न मिळणारी कॉलेजं लाल शाईत असली की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही, केस विंचरता विंचरता, वाचता येतात.